‘कंपनी मस्त आहे, पण...’

मोठ्या आयटी कंपनीतली नोकरी हवीशी का वाटते आणि नकोशी का होते?

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंच्या बैठकीत पाहुणे जमले होते. त्यांची मुलगी चार वर्षांपासून पुण्यात एका मोठ्या आयटी कंपनीत आहे. दिवाळीला वर्ध्याला आली होती. मामांनी ठरलेला प्रश्न टाकला, “काय म्हणते मग कंपनी?”

“मस्त आहे मामा. पगार वेळेवर, ऑफिस एसी, जेवायला कँटीन. आईचं ऑपरेशनसुद्धा कंपनीच्या विम्यातच झालं.”

मामा खूश. त्यांची कपाशी नुकतीच पावसात भिजली होती. ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम खात्यात पडते, या एका गोष्टीचं मोल त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्याच रात्री तिला ट्रॅव्हल्सवर सोडायला मी गेलो. दिवाळीनंतरची गर्दी, तिकीट नेहमीच्या दुप्पट. तिच्या मांडीवर ऑफिसातल्या मैत्रिणींसाठी घेतलेला गोरसपाक बिस्किटांचा डबा. गाडीला वेळ होता. ती अचानक म्हणाली, “काका, खरं सांगू? कंटाळा आलाय. दिवसभर आपण नेमकं काय करतो तेच कळत नाही. सोडून द्यावंसं वाटते.”

“मग दे ना सोडून.”

“काहून सोडू? कंपनी चांगली आहे ना!”

आता ती खोटं कुठे बोलली? दुपारी बैठकीत, की रात्री थांब्यावर? माझ्या मते कुठेच नाही. मोठ्या कंपनीत काम करणारी बहुतेक मुलं ही दोन्ही वाक्यं मनापासून बोलतात, कधीकधी एकाच दिवशी. हे कसं शक्य आहे, ते समजून घ्यायचं तर दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक, माणसाचं समाधान कसं मोजलं जातं. दुसरी, मोठी कंपनी पैसे कसे कमावते.

कूलर आणि गप्पा

मे महिन्यात वर्ध्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. घरी पाहुणे आले आणि कूलर चालू असला, तर कोणी कूलरचं कौतुक करत बसत नाही. तो बंद पडला की मात्र पाच मिनिटांत सगळे घामाघूम आणि चिडचिडे. पण नुसता कूलर लावून पाहुणचार होतो का? पाहुण्याला मजा येते ती गप्पांनी, जेवणानं, जुन्या आठवणींनी. कूलर त्रास घालवतो, गप्पा आनंद देतात. कूलर दुप्पट जोरात लावला म्हणून गप्पा रंगत नाहीत.

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं नोकरीबद्दल नेमकी हीच गोष्ट मांडली. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या २०३ इंजिनिअर आणि हिशेबनीसांना विचारलं की, कामावर तुम्हाला अतिशय छान वाटलं तो प्रसंग सांगा आणि अतिशय वाईट वाटलं तोही सांगा. १९५९ मध्ये निष्कर्ष पुस्तकरूपानं आले. चांगल्या प्रसंगांत वारंवार आलं ते काहीतरी जमल्याचं समाधान, कोणीतरी दाद दिल्याचा आनंद, खुद्द काम, अंगावर आलेली जबाबदारी. वाईट प्रसंगांत आले ते कंपनीचे नियम, वरिष्ठांची वागणूक, पगाराबद्दलचा अन्याय, कामाची परिस्थिती.

याचा अर्थ आवड आणि नावड ही एकाच तराजूची दोन पारडी नाहीत. ते दोन वेगळे तराजू आहेत. पगार, एसी, विमा ही कूलरच्या बाजूची मंडळी. ती नीट असली की तक्रार थांबते. पण तक्रार थांबली म्हणजे समाधान सुरू झालं असं नाही. त्याचा तराजू वेगळा आणि त्यावर काहीतरी वेगळंच ठेवावं लागतं.

हर्झबर्गवर टीकाही झाली. माणूस यशाचं श्रेय स्वतःला देतो आणि अपयशाचं खापर कंपनीवर फोडतो, त्यामुळे उत्तरं अशी दोन गटांत पडणारच, असं टीकाकार म्हणाले. त्यात तथ्य आहे. पगारवाढ मिळाली की माणसाला आपली दखल घेतल्याचा आनंदही होतोच. तरी आपल्या कोड्यापुरती ही विभागणी कामाची आहे. मामांनी कूलरबद्दल विचारलं, तिनं कूलरबद्दल सांगितलं. थांब्यावर ती गप्पांबद्दल बोलत होती.

मोठेपणाचे फायदे येतात कुठून?

कूलरची बाजू मोठ्या कंपनीत इतकी भक्कम का असते? त्याचं मुख्य कारण आकार. टीसीएससारख्या कंपनीत जवळपास सहा लाख माणसं आहेत. वर्धा आणि हिंगणघाट या दोन्ही शहरांतली माणसं एकत्र केली तरी एवढी भरणार नाहीत.

विम्याचंच उदाहरण घ्या. साठीच्या पुढच्या, मधुमेह असलेल्या आईसाठी बाजारात एकट्यानं विमा घ्यायला गेलात तर कंपनी तपासण्या मागते, जुन्या आजारासाठी काही वर्षं थांबा म्हणते. तीच आई मोठ्या कंपनीच्या गट विम्यात बऱ्याचदा पहिल्या दिवसापासून बसते. विमा कंपनी एकाएकी उदार झाली का? नाही. एकटा माणूस दारात आला की विमा कंपनीला शंका येते, हा आजारी आहे म्हणूनच आला असेल. हजारो जण एकगठ्ठा आले, त्यांत बहुतांश पंचविशीतले धडधाकट असले, की ती शंका उरत नाही. न आजारी पडणाऱ्यांच्या हप्त्यात आजारी पडणाऱ्यांचा खर्च भागतो.

हे तत्त्व वर्धा जिल्ह्याला नवीन नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं १९८० च्या दशकात आसपासच्या खेड्यांसाठी ‘ज्वारी विमा’ योजना उभी केली. सुगीच्या वेळी प्रत्येक घरानं ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, त्यातून गावाचा आरोग्य निधी उभा राहायचा आणि दवाखान्यात सवलतीत उपचार मिळायचे. अट अशी की गावातली बहुसंख्य घरं सामील व्हायला हवीत. फक्त आजारी घरंच आली असती तर कोठार महिन्यात रिकामं झालं असतं. आयटी कंपनीचा गट विमा म्हणजे याच ज्वारीच्या कोठाराचं महानगरी रूप.

बाकीचे फायदेही असेच आकारातून येतात. एकदम हजारो नवी मुलं घ्यायची असतात म्हणून शिकवायची व्यवस्था उभी करणं परवडतं. इन्फोसिसचा म्हैसूरचा प्रशिक्षण परिसर त्यातूनच उभा राहिला. मेकॅनिकल किंवा सिव्हिलचा पदवीधर तिथे काही महिन्यांत प्रोग्रामिंग शिकतो, तेही पगार घेत. बँक गृहकर्ज लवकर देते, कारण कंपनीचं नाव तिच्या यादीत असतं. मुलींसाठी रात्री घरापर्यंत गाडी, २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा, छळाची तक्रार ऐकणारी समिती मिळते. यातल्या बऱ्याच गोष्टी कायद्यानं लहान आस्थापनांनाही लागू आहेत, पण विलायती ग्राहक आणि शेअर बाजार यांची नजर असलेल्या मोठ्या कंपनीला त्या कागदावर ठेवून भागत नाही.

आणि लग्नाच्या बाजारात कंपनीच्या नावाचं वजन किती, ते सांगायला नको. बायोडाट्यात एका ओळीत काम भागतं.

ट्रॅक्टर शेतात, ट्रॅक्टर अंगणात

आता दुसरी बाजू. ही नोकरी नकोशी का होते, हे कळायला कंपनीचा गल्ला कसा भरतो ते पाहायला हवं.

भारतातल्या बहुतेक मोठ्या आयटी कंपन्या सेवा विकतात. अमेरिकेतली एखादी बँक किंवा विमा कंपनी आपलं सॉफ्टवेअर बनवायचं आणि सांभाळायचं काम त्यांना देते. मोबदला अनेकदा किती माणसं, किती तास यावर ठरतो. ठरावीक रकमेचं कंत्राट असलं तरी आतला हिशेब शेवटी माणसांच्या तासांवरच येतो.

गावात कोणाकडे भाड्याचे दहा ट्रॅक्टर आहेत असं समजा. शेतात चालणाऱ्या ट्रॅक्टरचं मीटर फिरतं, पैसे येतात. अंगणात उभा असलेला ट्रॅक्टर काही कमावत नाही, पण त्याचा बँकेचा हप्ता चुकत नाही. तरी मालक एक-दोन ट्रॅक्टर मोकळे ठेवतो. पावसाची चाहूल लागली की सगळ्यांचे फोन एकदमच येतात आणि ‘ट्रॅक्टर नाही’ म्हटलं की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं.

आयटीच्या भाषेत शेतातला ट्रॅक्टर म्हणजे ‘बिलेबल’ माणूस आणि अंगणातला म्हणजे ‘बेंच’वरचा. बाहेरच्याला बेंच म्हणजे चैन वाटते, काम नाही आणि पगार चालू. आत बसलेल्याला ती चैन महिनाभरही पुरत नाही. आपलं मीटर बंद आहे हे त्याला माहीत असतं. टीसीएसनं २०२५ च्या जूनमध्ये नियमच केला की, वर्षात किमान २२५ दिवस बिल व्हायला हवेत आणि बेंचवरचे दिवस ३५ च्या वर जाता कामा नयेत.

इथून पहिली मोठी तक्रार जन्मते, ‘आवडीचं काम मिळत नाही’. तुम्हाला जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायची होती, पण मागणी आली जुन्या यंत्रणेच्या देखभालीची. मोकळा ट्रॅक्टर नांगरायला मागितला तर नांगरणीला जातो आणि वाळू वाहायला मागितला तर वाळूला. व्यवस्थापक दुष्ट आहे असं नाही. त्याला विचारलं जातं ते मीटर किती फिरलं एवढंच.

उतरंड

जुन्या घरांत मडक्यांची उतरंड असायची. खाली मोठी, वर लहान होत जाणारी. सेवा देणाऱ्या कंपनीतली माणसंही तशीच रचलेली असतात. तळाला नवशिके भरपूर, मधे अनुभवी कमी, वर व्यवस्थापक मोजके. ग्राहकाकडून सरासरी एक दर मिळतो. तळाचा पगार कमी असला तरच त्या सरासरीत नफा उरतो.

म्हणून नवशिक्यांचा पगार वर्षानुवर्षं जिथल्या तिथे राहतो. दशकभरापूर्वी तीन-सव्वातीन लाखांचं वार्षिक ‘पॅकेज’ होतं, आजही मोठ्या सेवा कंपन्यांत सर्वसाधारण भरतीचा आकडा साडेतीन लाखांच्या आसपासच फिरतो. दरवर्षी इंजिनिअरिंग कॉलेजांतून लाखो मुलं बाहेर पडतात, त्यामुळे पगार वाढवण्याची घाई कंपनीला नसते.

त्यातही पॅकेज आणि हातात येणारा पगार यांत बरंच अंतर असतं. एक नमुन्याचा हिशेब करू. पॅकेज ३ लाख ६० हजार, म्हणजे कागदावर महिना ३० हजार. मूळ वेतन १५ हजार धरलं तर कंपनीच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी १,८०० रुपये आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ७२० रुपये याच तीस हजारांत मोजलेली असते. ग्रॅच्युइटी तर साधारणपणे सलग पाच वर्षं टिकल्यावरच पदरात पडते. कामगिरीवर ठरणारी रक्कम महिन्याला दोन हजार धरा. ती पुढे कधीतरी, पूर्ण किंवा अर्धी मिळणार. उरले साडेपंचवीस हजारांच्या जवळ. त्यातून स्वतःच्या वाट्याचा निधी १,८०० रुपये कापला की हातात येतात साडेतेवीस हजारांच्या आसपास. पुण्यातली हिंजवडीजवळची खोली, मेस, बस आणि दिवाळीचं वर्ध्याचं तिकीट, सगळं त्यात.

उतरंडीचा दुसरा ताप मधल्या मडक्यांना. आठ-दहा वर्षांत पगार वाढतो, पण वरच्या जागा मोजक्याच. तेवढंच काम दोन तरुण मिळून कमी खर्चात करतील का, हा प्रश्न कोणीतरी कुठल्यातरी तक्त्यात मांडत असतो. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसनं सुमारे १२ हजार, म्हणजे दोन टक्के माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा झळ मुख्यतः मधल्या आणि वरच्या श्रेणींना बसेल असं सांगितलं होतं. सरकारी नोकरीत वय वाढतं तशी खुर्ची घट्ट होते. इथे नेमकं उलट वाटू लागतं आणि घरच्यांना ते समजावणं अवघड जातं.

जुना भाडेकरू, नवा भाडेकरू

“एकाच टीममध्ये, एकच काम, पण बाहेरून आलेल्याला माझ्यापेक्षा जास्त पगार.” ही तक्रार कुठल्याही कँटीनमध्ये ऐकायला मिळेल. यामागचं गणित घरभाड्यासारखं आहे. जुन्या भाडेकरूचं भाडं दरवर्षी पाच-सात टक्क्यांनी वाढतं. त्याच इमारतीतली दुसरी खोली रिकामी झाली की ती आजच्या भावानं जाते. इथे खोली म्हणजे तुमचं कौशल्य आणि भाडेकरू म्हणजे कंपनी. जुन्या कंपनीकडून वाढ मिळते ती जुन्या आकड्यावर, नवी कंपनी मोजते तो बाजारभाव.

म्हणून मुलं ‘स्विच’ मारतात. करोनानंतर सगळ्या जगाला एकदम सॉफ्टवेअर हवं झालं, तेव्हा २०२२ च्या जूनअखेर इन्फोसिसचं वर्षभरातलं गळतीचं प्रमाण २८.४ टक्क्यांवर गेलं होतं. शंभरातले अठ्ठावीस जण वर्षात निघून गेले. मागणी ओसरल्यावर हेच प्रमाण निम्म्यावर आलं. अचानक सगळ्यांना आपली कंपनी आवडू लागली असं नाही. बाहेरच्या खोल्यांचा भाव उतरला.

गळती रोखायला कंपन्यांनी तीन महिन्यांचा ‘नोटीस पिरियड’ आणला. राजीनामा दिल्यावर नव्वद दिवस थांबायचं. नवी कंपनी इतकी थांबेलच असं नाही. नोकरी बदलणाऱ्याच्या आयुष्यातला हा सर्वांत अस्वस्थ काळ.

शंभर गाड्या, दहा नापास

कापूस विकायला नेलेल्या शेतकऱ्याला ओलावा मोजणं ठाऊक आहे. सरकारी खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव, त्याच्या वर कपात आणि १२ टक्क्यांच्या वर खरेदीच नाही. नियम कडक असला तरी सगळ्यांना सारखा. शंभर गाड्या कोरड्या आल्या तर शंभरही पास.

आता कल्पना करा की केंद्रावर पाटी लागली, ‘रोज आलेल्या शंभर गाड्यांपैकी दहा उत्तम, दहा नापास, बाकी मध्यम.’ सगळ्यांचा कापूस कोरडा असला तरी दहा जण नापास होणारच. त्या दिवशी आंदोलन झाल्याशिवाय राहील का?

अनेक मोठ्या कंपन्यांत वार्षिक मूल्यमापनाची ‘बेल कर्व्ह’ पद्धत अशीच चालते. कोण किती चांगला यापेक्षा कोणापेक्षा चांगला हे पाहिलं जातं आणि प्रत्येक श्रेणीतली टक्केवारी आधीच ठरलेली असते. हे करावं लागतं कारण पगारवाढीची एकूण रक्कम ठरलेली आहे आणि वर बसलेल्याला खालच्या हजारो माणसांतलं कोणीच ओळखत नाही. वीस माणसांच्या कारखान्यात मालकाला माहीत असतं की गेल्या पावसाळ्यात रात्रभर थांबून कोणी यंत्र चालू केलं. लाखांच्या कंपनीत ती आठवण एका आकड्यात बसवावी लागते. पाच मुलांची सगळी टीम वर्षभर राबलेली असते आणि व्यवस्थापकाला त्यातल्या एकाला ‘कमी’ म्हणावंच लागतं. मग पुढच्या वर्षी कोण कोणाला मदत करेल? मायक्रोसॉफ्टनं अशी सक्तीची क्रमवारी २०१३ मध्ये बंद केली. इतर अनेकांनी तिचं नाव बदललं. रक्कम ठरलेली असेल तर वाटणीचा पेच मात्र कुठल्याही नावाखाली उरतोच.

बटणावरचा एक शब्द

थांब्यावर गाडीची वाट पाहताना मी तिला विचारलं, “या महिन्यात काय केलंस ते तरी सांग.” ती हसली. एका विमा कंपनीच्या संकेतस्थळावर एका बटणावर ‘पाठवा’ अशा अर्थाचा शब्द होता, तो बदलून ‘तपासा आणि पाठवा’ असा करायचा होता. प्रत्यक्ष बदल दहा मिनिटांचा. पण आधी त्याची नोंद करायची, ज्याला ‘तिकीट’ म्हणतात. मग किती तास लागतील त्याचा अंदाज, तो मंजूर. काम झालं की दुसऱ्यानं तपासायचं, तिसऱ्यानं चाचणी घ्यायची. लांब झालेलं बटण मोबाइलच्या पडद्यावर मावेना, म्हणून परत. मग ग्राहकाची परवानगी. शेवटी शनिवारी मध्यरात्री, संकेतस्थळावर गर्दी कमी असताना, तो बदल चढवायचा. एका शब्दाला तीन आठवडे.

हा बावळटपणा वाटतो, पण आहे विचारपूर्वक. ते बटण लाखो लोक दाबतात. घाईत केलेल्या बदलानं ते चाललंच नाही, तर कोणाचातरी दवाखान्याचा दावा अडकतो. म्हणून काम लहान तुकड्यांत वाटायचं, प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन नजरा ठेवायच्या आणि कोणी एक माणूस उद्या सोडून गेला तरी अडू नये अशी सोय करायची.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. एक माणूस गेला तरी अडत नाही, ही कंपनीची ताकद. आणि माझ्यावाचून इथे काही अडत नाही, ही त्याच माणसाची रात्रीची खंत. आजारपणात निवांत रजा मिळते ती त्याचमुळे, आणि परतल्यावर कोणाला आपली उणीव जाणवली नाही असं वाटतं तेही त्याचमुळे.

घड्याळही याच साखळीत अडकलेलं. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. ग्राहक चहा घेऊन ताजातवाना बसतो, तेव्हा इकडे स्वयंपाकाची वेळ. दोन्हीकडे त्यातल्या त्यात सोयीची वेळ हीच, त्यामुळे मीटिंग तिथेच पडते. दिवस ऑफिसचा, संध्याकाळ ग्राहकाची. हिंगणघाट-पुलगावच्या जुन्या कापड गिरण्यांत भोंगा वाजला की पाळी सुटायची. मोबाइलवरच्या मीटिंगचा भोंगा फक्त सुरू व्हायचा वाजतो, सुटायचा वाजत नाही.

मगनवाडीतलं जुनं उत्तर

कामाचे तुकडे झाले की माणसाचं काय होतं, या प्रश्नावर वर्ध्यातच नव्वद वर्षांपूर्वी खल झाला होता. १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेनं अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचं ठाणं मगनवाडी. संघाची धुरा होती जे. सी. कुमारप्पांकडे. लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस मगनवाडीत घाणी, हातकागद आणि मधमाश्यांच्या अर्थकारणात रमला. तिथलं मगन संग्रहालय १९३८ पासून आजही उभं आहे.

कुमारप्पांनी ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ या पुस्तकात कामाची फोड केली आहे. प्रत्येक कामात दोन अंश असतात, एक कष्टाचा, तोचतोचपणाचा. दुसरा आनंदाचा, ज्यातून माणूस वाढतो. कुंभाराला माती तुडवावीही लागते आणि चाकावर आकार देण्याचं सुखही त्याचंच. मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन हे दोन अंश वेगळे काढून वेगवेगळ्या माणसांना वाटून देतं. एकाच्या वाट्याला नुसती माती येते.

त्यांच्यासमोर गिरण्या होत्या, संगणक नव्हते. पण थांब्यावरच्या मुलीची तक्रार या फोडीत चपखल बसते. तिच्या वाट्याला बटण आलं. त्या बटणानं कोणाचा दावा मंजूर झाला, कोणाचं घर सावरलं, ते तिला कधी दिसणार नाही. हर्झबर्ग ज्याला काही जमल्याचं समाधान म्हणतो, ते मिळायला काम तडीस गेलेलं दिसावं लागतं.

यावर उपाय म्हणून गुगल-मायक्रोसॉफ्टसारख्या स्वतःचं उत्पादन विकणाऱ्या कंपन्यांकडे बोट दाखवलं जातं. सेवा कंपनी शिंप्यासारखी, प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप घेऊन शिवणारी. उत्पादन कंपनी तयार कपड्यांच्या कारखान्यासारखी, एकदा शिवलं की लाखदा विकणारी. म्हणून तिथे पगार पुष्कळ जास्त आणि आपण बनवलेली वस्तू जग वापरतं हे दिसतंही. पण आकार तिथेही आकारच. २०२३ च्या जानेवारीत गुगलच्या मालक कंपनीनं एका झटक्यात १२ हजार माणसं कमी केली, मायक्रोसॉफ्टनं १० हजार.

घर नावाचा तिसरा तराजू

वर्ध्याच्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट मोजावी लागते, ती म्हणजे अंतर. करोनाच्या काळात तीच मुलगी इथल्या रामनगरातल्या घराच्या मागच्या खोलीतून काम करायची. वीज गेली की लॅपटॉप उचलून शेजारी, म्हणजे आमच्याकडे. पगार पुण्याचा, जेवण आईच्या हातचं. कंपन्यांनी पुढे ऑफिसात परत बोलावलं. टीसीएसनं २०२३ च्या ऑक्टोबरपासून पाचही दिवस यायला सांगितलं. कागदावर पगार तोच राहिला, पण भाडं आणि मेस यांत तो हातातून कमी झाला.

नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची कार्यालयं आहेत, ती इथून फार लांब नाहीत. आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये पुण्यात सुरू केलेल्या पर्सिस्टंटचंही नागपुरात केंद्र आहे. कंपनीला लहान शहरात दोन फायदे. खर्च कमी, आणि घराजवळची माणसं लवकर सोडून जात नाहीत. माणसालाही घर मिळतं. पण पुण्यात एक नोकरी गेली तर रस्त्यापलीकडे दुसरी इमारत असते, इथे पर्याय मोजके. ज्यामुळे माणूस टिकतो, त्यामुळेच त्याची घासाघीस करायची ताकदही घटते.

┌─────────────────────
चौकट : थोडक्यात

• आवड आणि नावड वेगवेगळ्या तराजूंवर मोजली जाते. पगार आणि सोयी तक्रार घालवतात. समाधान येतं ते कामातून आणि मिळालेल्या दादेतून.
• गट विमा, प्रशिक्षण, नोकरीतली शिस्त हे फायदे कंपनीच्या आकारातून येतात.
• बेंचची धास्ती आणि नको ते काम, यांचं मूळ तासांवर चालणाऱ्या बिलात आहे.
• सुरुवातीचा कमी पगार आणि मधल्या वयातली अस्थिरता ही उतरंडीची दोन टोकं.
• बेल कर्व्हमध्ये तुलना ठरावीक मापाशी होत नाही, शेजाऱ्याशी होते.
• रुजू होण्यापूर्वी विचारा : हातात किती येणार? बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आणि नोटीस पिरियड किती? कामाचं शहर कोणतं? पाळी कोणती? पहिल्या वर्षी शिकायला काय मिळेल?
└─────────────────────

विचारायचा राहिलेला प्रश्न

तर थांब्यावरचं वाक्य, “काहून सोडू? कंपनी चांगली आहे ना!” आता कोड्यासारखं राहत नाही. आईच्या विम्याची आणि बटणाच्या कंटाळ्याची मुळं एकाच जमिनीत आहेत. इतकी माणसं एकत्र आली म्हणून कोठार भरलं, आणि इतकी माणसं एकत्र आली म्हणूनच प्रत्येकाच्या वाट्याचं काम बोटभर झालं. यातलं एक उपटून दुसरं ठेवता येत नाही. प्रत्येकाला आपल्या वयाला, कर्जाला आणि घरच्या आजारपणाला परवडेल असा सौदा करावा लागतो. चार वर्षांपूर्वी तिनं तो एका कारणासाठी केला, पुढच्या वर्षी कदाचित वेगळा करेल.

गाडी आली. डबा सांभाळत ती चढता चढता थांबली आणि म्हणाली, “काका, एक सांगायचंच राहिलं. गेल्या महिन्यात रात्री दोनला पेमेंट अडकत होते. तिघं सीनियर शोधत होते, सापडेना. तारखेचा घोळ मी पकडला. अमेरिकेतल्या बाईनं सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं.”

“हे दुपारी मामांना का नाही सांगितलंस?”

“त्यांनी विचारलंच कुठे?”